परभणीकर दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर: मुंबईचा समुद्र आणि आपण

परभणीकर दादा, नमस्कार.

समुद्रावरच्या आपत्तीबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं मी तीन-चारदा वाचलं. प्रतिक्रियेच्या चौकटीत उत्तर मावणार नाही, म्हणून स्वतंत्र लिहिते आहे. ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दादांचं म्हणणं असं की, २०२५ च्या सप्टेंबरात त्यांच्या गोदाकाठच्या गावाला दोन दिवस पाण्याचा वेढा होता, एक बोट मिळाली नाही, आणि ताई तुम्ही लातुरात बसून मुंबईच्या समुद्रावर लिहायलात. मुंबईकडं नेव्ही आहे, कोस्टगार्ड आहे, पैसा आहे, त्यांचं ते बघतील. मॉक ड्रिल म्हणजे फोटो काढायचा कार्यक्रम. आणि शेवटी एक चूक दाखवली: '२६ जुलैला मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला' हे वाक्य बरोबर नाही.

चुकीपासून सुरू करते. तुमचं बरोबर आहे. २६ जुलै २००५ ला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला तो सांताक्रूझच्या वेधशाळेत. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटरच्या आसपास नोंद झाली. म्हणजे दक्षिण टोकाला बसलेल्या माणसाला खिडकीतून साधा पावसाळी दिवस दिसत होता, आणि तेवढ्यात कुर्ला, कलिना, साकीनाका बुडत होतं. मी ते वाक्य दुरुस्त केलं आहे. पण तुम्ही दाखवलेल्या या चुकीतच मूळ गोष्ट दडलेली आहे, ती मला त्या लेखात नीट मांडता आली नव्हती. जिथून हुकूम निघतात तिथं पाऊस नव्हता. जिथं पाऊस होता तिथून खबर वर जायला वेळ लागला.

आणि समुद्राचा त्यात वाटा किती, हे गोदाकाठच्या माणसाला मी सांगायची गरज नाही, फक्त नाव बदलायचं. गोदावरी तुडुंब असली की तुमच्या गावचा ओढा पुढं सरकत नाही, माघारी फिरतो आणि शिवारात पसरतो. तुम्ही त्याला फुगवटा म्हणता. मुंबईत तोच फुगवटा समुद्र रोज दोनदा आणतो. शहरातले नाले समुद्राला आणि खाड्यांना मिळतात. मोठी भरती आली की नाल्याचं तोंड पाण्याखाली जातं, आतलं पाणी बाहेर पडत नाही, उलट खारं पाणी आत शिरतं. त्या दिवशी दुपारी नेमकी मोठी भरती होती, वरून मिठी नदी भरून आली. जुने नाले बांधले होते ताशी २५ मिलिमीटर पावसाचा हिशेब धरून. ती क्षमता दुप्पट करा, भरतीच्या वेळी पाणी उपसायला पंपिंग स्टेशन उभी करा, असं सांगणारा अहवाल १९९३ पासून महापालिकेकडं होता. कामाला खरा वेग आला तो माणसं गेल्यावर. आता पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा महापालिका जाहीर करते. ती यादी आणि पावसाचा अंदाज शेजारी शेजारी ठेवून वाचले, तरच मुंबईच्या पुराचा अंदाज लागतो. एकटा पाऊस बघून काही कळत नाही.

त्या पुराची कारणं शोधायला सरकारनं समिती नेमली तेव्हा अध्यक्ष कोण होते? माधवराव चितळे. १९९३ चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळालेले, आपल्या औरंगाबादला राहिलेले जलतज्ज्ञ. 'लातुरात बसून मुंबईवर' हे मनाला लागलं, म्हणून हे नाव आठवलं.

दुसरी आठवण हैदराबादची. तिथं कुठं समुद्र आहे? तरी देशाचं त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून तिथंच, 'इन्कॉइस' या समुद्राची माहिती देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेत चालतं. उंच लाटांचे, उधाणाचे इशारेही तिथूनच निघतात. आपले आजोबा-पणजोबा ज्या हैदराबादेत अर्ज घेऊन जात, त्याच शहरात आज कोणीतरी रात्रपाळीला बसून अरबी समुद्राकडं डोळे लावून असतं. आणि हे उगीच नाही. १९४५ च्या नोव्हेंबरात आजच्या पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला, त्याची लाट मुंबईपर्यंत आली आणि तिथं माणसं दगावली. तेव्हा लाट यायच्या आधी काही तास हाताशी होते, सांगणारं कोणी नव्हतं.

पण तुमचा खरा राग, 'आपलं सोडून त्यांचं कशाला', त्याबद्दल मला थोडं थांबून बोलायचं आहे.

२०२१ चा सप्टेंबर आठवा. 'गुलाब' चक्रीवादळ २६ तारखेला बंगालच्या उपसागरातून आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं. आपण बातमी ऐकली आणि म्हटलं, ते तिकडं. दोन दिवसांत त्याचं उरलेलं पाणी आपल्या डोक्यावर होतं. मांजरा धरणाचे सगळे दरवाजे उघडावे लागले, लातूर, बीड, उस्मानाबाद जिल्ह्यांत माणसं झाडांवर आणि पत्र्यांवर अडकली, हेलिकॉप्टर आणावं लागलं. आणि तेच वादळ आपल्यावरून पुढं अरबी समुद्रात उतरलं, नव्यानं उभं राहिलं, 'शाहीन' नाव घेऊन ओमानला जाऊन धडकलं. एका समुद्रातून निघून दुसऱ्या समुद्रात जाताना त्याची वाट आपल्या सोयाबीनमधून गेली. समुद्र आपला नाही असं मग कसं म्हणायचं?

माणसांचंही तेच. देवगिरी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात रात्री कोण असतं ते तुम्ही बघितलंय. २०१६ च्या दुष्काळात नांदेडकडची कुटुंबं घाटकोपरच्या मैदानावर पाल ठोकून राहिली. आपली माणसं मुंबईत गेली की मलबार हिलवर राहत नाहीत. ती नाल्याच्या कडेला, खाडीच्या भरावावर राहतात, म्हणजे जिथं पाणी पहिल्यांदा येतं तिथं.

आता 'नेव्ही आहे, कोस्टगार्ड आहे' याबद्दल.

आहेत, आणि त्यांनी माणसं वाचवली आहेत. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात मुंबईपासून दूर समुद्रात तेलक्षेत्रातल्या कामगारांच्या राहण्याचा 'पी-३०५' हा मोठा तराफा (बार्ज) बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. नौदलाच्या जहाजांनी खवळलेल्या पाण्यातून १८० हून अधिक जणांना वर काढलं. अंधारात, त्या लाटांमध्ये. तरी ७० हून जास्त माणसं गेली. वादळाचा इशारा काही दिवस आधीपासून होता. म्हणजे उपग्रह चुकला नाही, हवामान खातं झोपलं नव्हतं, नौदल कमी पडलं नाही. इशारा मिळाल्यावर तराफ्यावरची माणसं किनाऱ्यावर आणायची, हे एक काम राहिलं. माझा सगळा लेख त्या एका कामाबद्दल होता.

ते राहतं कसं, हे मी एकदा हातभर अंतरावरून पाहिलं आहे. २०१७ च्या डिसेंबरात नववीची सहल घेऊन आम्ही मुंबईला गेलो. गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये बसलो. बहुतेक मुलांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिलेला. ती सीगलना गाठी-शेव टाकण्यात दंग. मी वर पाहिलं तर छताच्या लाकडी पट्ट्यांमध्ये केशरी जाकिटं खोचलेली, वरून नायलॉनच्या दोरीनं आवळून बांधलेली. खलाशाला म्हटलं, मुलांना घालायला द्या. तो म्हणाला, "लागली तर काढू की." मी हट्ट धरला. आमचा एक पोरगा, शेतात औताच्या गाठी सोडणारा, बाकावर चढला. मीठ आणि ऊन खाऊन दोरी काडीसारखी कडक झालेली. नखांनी झालं नाही, दातांनी झालं नाही. "मॅडम, गाठ सुटंना." शेवटी कंपासचं टोक घालून त्यानं एक गाठ सोडवली, चार-पाच मिनिटांनी. दोन जाकिटं खाली आली. एकाचा बंद तुटलेला होता.

त्या दिवशी काही झालं नाही. सात वर्षांनी, १८ डिसेंबर २०२४ ला, त्याच मार्गावर 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. शंभराहून अधिक माणसं होती, १५ गेली. बातमी ऐकताना मला ती गाठच दिसत होती. त्यानंतर जाकीट घालणं सक्तीचं झालं. आणि तुम्हीच विचार करा, सगळ्यात आधी धावून कोण आलं? आसपास असलेल्या बोटी. आपल्याकडं पुरात आधी शेजारीच येतो, तसंच.

मुंबईला पैसा आहे म्हणून तिथलं आपोआप नीट होतं असं नाही. उलट तिथं मालक फार. रस्त्यावरचं पाणी महापालिकेचं, बंदरातलं पाणी बंदर प्राधिकरणाचं, प्रवासी बोटीचा परवाना मेरीटाइम बोर्डाचा, मच्छीमारांची होडी मत्स्य खात्याची, खोल समुद्रातला शोध तटरक्षक दलाचा. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलीजिया' ही जहाजं एकमेकांवर आदळली. तेल सांडलं, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, काहींत कीटकनाशकं होती. तेल पाण्यावर तरंगत असेपर्यंत तटरक्षक दलाचं काम, वाळूला आणि तिवरांना लागलं की राज्याचं. तेलाला ही हद्द कळत नाही, आणि कोळ्याला तर दोन्हीकडून फटका: मासेमारी बंद आणि बाजारात मासळीला गिऱ्हाईक नाही. आपल्याकडं धरण पाटबंधारेचं, रस्ता बांधकामचं, गाव महसूलचं, आणि पाणी मात्र सगळ्यांतून एकच. फरक कुठं आहे, दादा?

मॉक ड्रिलबद्दल तुम्ही लिहिलंत ते अर्धं मला मान्य आहे. पाहुणे, बॅनर, चहा, फोटो असले कार्यक्रम मीही पाहिलेत. पण एका शाळेत आम्ही कुणाला न सांगता भूकंपाची तालीम घेतली. घंटा झाली, पोरं शिस्तीत खाली आली, आणि मागच्या फाटकाला कुलूप. किल्ली शिपाईमामांच्या खिशात, शिपाईमामा बँकेत. चारशे पोरं कुलपासमोर उभी. दुसऱ्या दिवसापासून ती किल्ली फाटकाशेजारच्या खिळ्यावर लटकायला लागली. तालीम घेतली नसती तर हे आम्हाला खऱ्या दिवशी कळलं असतं. पाहुण्यांसाठी घेतलेल्या तालमीत मात्र फाटक आधीच उघडून ठेवलेलं असतं, म्हणून तिचा उपयोग होत नाही.

हे मी एवढं जीव तोडून का लिहिते, तेही सांगते. ३० सप्टेंबर १९९३ ला मी आठवीत होते, औसा तालुक्यात. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. किल्लारीकडं माळवदाची घरं, दगडमातीच्या जाड भिंती, त्या झोपेतच अंगावर आल्या. हजारो माणसं गेली. दुसऱ्या दिवशी वडील मला आत्याच्या गावाला घेऊन गेले. रस्ता गाड्यांनी भरलेला, मदतीच्या कमी आणि बघ्यांच्या जास्त. गावात एक तलाठी वही घेऊन ढिगाऱ्यासमोर उभे होते आणि आत्याच्या सासऱ्यांना विचारत होते, "या घरात किती माणसं होती?" त्यांना बोलता येत नव्हतं. ते बोटं मोजत होते, मधेच विसरत होते, पुन्हा पहिल्यापासून मोजत होते. कोणत्या घरात किती माणसं, हे कुठंही लिहिलेलं नव्हतं, म्हणून कुठं आधी खणायचं हेही ठरत नव्हतं.

त्या भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसनाचा कार्यक्रम आला, आणि त्याच कार्यक्रमात राज्याचे आणि जिल्ह्यांचे आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे पहिल्यांदा नीट लिहिले गेले. त्यात बृहन्मुंबईचाही होता. मुंबईच्या आराखड्याची सुरुवात किल्लारीच्या ढिगाऱ्यातून झाली, दादा. म्हणून तो आराखडा आज नीट चालतो की नाही हे विचारायचा मला हक्क वाटतो.

आणि हे जमतं, याचा दाखला आहे. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ मध्ये 'फायलिन' चक्रीवादळ मोठ्या ताकदीनं अंगावर आलं, तेव्हा दहा लाखांच्या घरात माणसं आधीच हलवली होती आणि मृत्यू काही डझनांत राहिले. ओडिशा मुंबईपेक्षा श्रीमंत नाही, आपल्यापेक्षाही फार नाही. मधल्या चौदा वर्षांत त्यांनी निवारे बांधले, गावोगाव पोरं तयार केली आणि म्हातारी, गरोदर, अपंग माणसं कोणत्या घरात आहेत ते आधी लिहून ठेवलं. वादळ आल्यावर विचारत बसावं लागलं नाही.

तुमच्या गावाला बोट मिळाली नाही ते मी विसरून पुढं जाणार नाही. त्यावर लिहायला मला तुमचीच मदत लागेल. बातम्यांत मला विसर्गाचे आकडे मिळतात, गावातले तास मिळत नाहीत. तेवढे तुम्ही लिहून पाठवा, मी इथं जसंच्या तसं छापते. वरून पाणी सोडलं हे गावात पहिल्यांदा कुणाला कळलं, आणि कशावरून: फोन, दवंडी, की अंगणात पाणी दिसल्यावर? तेव्हा किती वाजले होते? तिथून रस्ता बंद व्हायला किती वेळ गेला? आणि त्या मधल्या वेळात गावातल्या कोणत्या म्हाताऱ्या माणसांना हलवता आलं, कोणाला नाही?