हात आखूड, कान लांब

माझा हात आखूड पडू लागला आहे. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं पूर्वी कोपर वाकवून वाचता यायची. मग कोपर सरळ झालं, मग खांदा मदतीला आला. आता समोरच्या भल्या माणसाच्या हाती बाटली देऊन "जरा मागे सरका, अजून थोडं" म्हणावं लागतं. तोवर तो स्वतःच वाचून दाखवतो आणि माझ्याकडे कणवेने बघतो.

हाताचा दोष नाही म्हणे. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर ताठर होतं आणि जवळचं बघताना फुगायचं नाकारतं. दहा वर्षांच्या पोराला नाकापासून 7-8 सेंटीमीटरवरचं स्वच्छ दिसतं, साठीत तेच अंतर मीटरभरावर जातं. हात मात्र निसर्गाने 70 सेंटीमीटरच्या आसपासच ठेवला. उरलेल्या 30 सेंटीमीटरांवर जगभरच्या चष्मेवाल्यांची पोटं भरतात.

सगळंच आखूड होतं असंही नाही. 1995 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात एका डॉक्टरांनी दोनशेहून अधिक लोकांचे कान मोजून निष्कर्ष काढला, की तिशीनंतर कान दरवर्षी सरासरी 0.22 मिलिमीटरने लांबतो. उंची याच काळात उतरत असते, चाळिशीनंतर दर दशकाला साधारण सेंटीमीटरभर. म्हणजे मी खाली चाललोय, कान वाढताहेत, आणि ऐकू मात्र कमी येतंय. एवढी मोठी इमारत बांधून आत कचेरीच सुरू करू नये, तसा हा कारभार.

त्यातही ऐकू येणं सरसकट कमी होत नाही. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. व्यंजनांतले स, श, फ हे त्याच पट्टीतले. स्वर शाबूत राहतात, त्यामुळे कुणीतरी बोललं हे नक्की कळतं, काय बोललं ते आपण आपल्या मनाने भरायचं.

"अहो, सही केलीत का?"

"वही? कपाटात आहे."

"सही! त्या फॉर्मवर!"

"मग ती वही कशाला हवीय तुला?"

यावर कपाळाला हात लावणारी आमची ही स्वतः काही मागे नाही. माझी अर्धी वाक्यं तीही मनानेच भरते. फरक इतकाच, की तिने भरलेली वाक्यं मी प्रत्यक्षात म्हटलेल्या वाक्यांपेक्षा वाईट असतात.

नावांचं तर विचारूच नका. माणूस समोर असतो, त्याच्या मुलीचं लग्न, त्याच्या पित्ताशयाचं ऑपरेशन, सगळं आठवतं, फक्त नाव जिभेच्या टोकावर येऊन बसतं. शब्दसंग्रह मात्र साठीपर्यंत वाढतच असतो म्हणतात. खरं असावं, कारण "अरे, या या, किती दिवसांनी!" हे मी आता पन्नास प्रकारे म्हणू शकतो. शिवाय त्यालाही माझं नाव आठवत नसतं. दोघंही खुशीत निरोप घेतो.

आणि सवलती केवढ्या! जड सामान कुणी उचलू देत नाही. कंटाळवाण्या समारंभातून गुडघ्यावर हात ठेवून उठलं, की लोक आपणहून वाट देतात. (गुडघा त्या दिवशी ठीक असतो.) तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली तरी तरुण मंडळी आदराने ऐकतात. आदर नसेल, सहनशक्ती असेल, पण मला चालतं.

परवा मी हिला आकडेच ऐकवले. 1950 मध्ये जगातलं सरासरी आयुर्मान जेमतेम 46 वर्षं होतं, आज 73 च्या आसपास आहे. आता सरासरीत बालपणीच गेलेली मुलंही येतात, म्हणजे तेव्हा सगळे सेहेचाळिशीतच जात असं नव्हे. तरी गुडघे कुरकुरण्याइतकं जगणं तेव्हा आजच्यापेक्षा कमी जणांच्या वाट्याला येई. हे सगळं समजावून मी मोठ्या समाधानाने म्हणालो, "आपण दोघं बोनसवर जगतोय!"

आतून लगेच प्रश्न आला, "कुठल्या नर्सवर?"