दोन विमानतळ म्हणजे दुप्पट लूट? त्या मेसेजला माझं उत्तर

‘मुंबईत एक विमानतळ असताना त्याच विमान कंपनीनं दुसऱ्यावरूनही उडायचं कारणच काय? दुप्पट माणसं, दुप्पट खर्च, वसुली आपल्या तिकिटातून. मोठ्या देशांत असला येडेपणा कुणी करत नाही. आता जुना विमानतळ बंद करून जागा बिल्डरला देणार. मराठवाड्याची विमानंही खाडीपलीकडं फेकणार.’

25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबईहून विमानं उडायला लागली, तेव्हापासून हा मेसेज आमच्या नांदेड-परभणीच्या ग्रुपांवर फिरतोय. तिकिटं काढून देणं हा माझा धंदा, त्यामुळं कुणी ना कुणी तो मलाच पाठवतं, ‘खरं का हो?’ विचारत. शेवटच्या वाक्यात थोडा दम आहे. बाकीचं मात्र तपासून घेऊ.

‘कारणच काय?’ कारण पहिल्या विमानतळावर वेळ शिल्लक नाही. मुंबईच्या जुन्या विमानतळाला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान धावत असलं की दुसरी मोकळी असून उपयोगाची नाही. म्हणजे कामाची एकच. तीवर तासाला साधारण 46 विमानं चढतात-उतरतात, जवळपास दर 78 सेकंदांना एक. आजूबाजूला वस्ती इतकी की धावपट्टी आणखी टाकायला जागा नाही. विमान कंपनीला हवा असतो तो स्लॉट, म्हणजे उतरायची आणि उडायची ठरलेली वेळ. सकाळी सातचा स्लॉट नसेल तर टर्मिनल कितीही चकचकीत असो, त्याचं करायचं काय?

मग सगळा पसारा उचलून नव्या ठिकाणी का जात नाहीत? इथं एक गंमत आहे. जगभर साधारण चालणारा नियम असा की, मिळालेल्या स्लॉटपैकी हंगामात 80 टक्के वापरले नाहीत, तर पुढच्या हंगामात त्यांवरचा हक्क जातो आणि ते दुसऱ्याला मिळू शकतात. म्हणजे जुनं सोडलं तर ते प्रतिस्पर्ध्याच्या घशात, आणि जुन्यात वाढायला जागा नाही. राहतो एकच मार्ग: जुनं धरून ठेवायचं आणि नव्यात वाढायचं. या वेळांची किंमत किती, तर 2016 मध्ये ओमान एअरनं लंडनच्या हीथ्रोवरच्या स्लॉटच्या एका जोडीला साडेसात कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. विमान वेगळं घ्यायचं.

दुसरं कारण तर आपल्या लोकांना सांगायचीही गरज नसावी. नांदेडहून तपोवन एक्सप्रेस मनमाडवरून सीएसएमटीला जाते आणि पनवेलची गाडी परळी, लातूर, पुणे करत पनवेलला. टाटा हॉस्पिटलला निघालेला पेशंट काउंटरवर आला की मी पहिल्यांदा विचारतो, ‘परळ की खारघर?’ कारण टाटाचं केंद्र दोन्हीकडं आहे. परळ असेल तर दादरला उतरा, खारघर असेल तर पनवेलला. सलाइन लावून लावून हात सुजलेल्या माणसाला उगाच महामुंबई आडवी पार करायला लावणं बरं नाही. ‘मुंबईला जायचंय’ म्हणणारे सगळे एकाच मुंबईला जात नाहीत. रेल्वेनं पनवेलला गाडी सोडली म्हणून दुप्पट लूट झाली, असा मेसेज काही मला अजून आलेला नाही.

‘दुप्पट खर्च’ यात अर्धं खरं आहे. दुसऱ्या ठिकाणी काउंटर, लोडर, इंजिनिअर, शिड्या, ट्रॅक्टर सगळं नव्यानं लागतं. एक विमान बिघडलं तर बदली विमान खाडीपलीकडं उभं असतं. ज्या कंपनीचा धंदा एका विमानातून उतरवून दुसऱ्यात बसवण्यावर चालतो, तिला ही फाटाफूट फार महाग पडते. कॅनडात मॉन्ट्रियलला सरकारनं 1975 मध्ये मिराबेल नावाचा अवाढव्य विमानतळ बांधला आणि आंतरराष्ट्रीय विमानं सक्तीनं तिकडं नेली. देशातली विमानं जुन्या डोरव्हाललाच राहिली. प्रवासी वैतागले, जोडप्रवास टोरांटोकडं गेला आणि 2004 मध्ये मिराबेलची प्रवासी विमानं बंद झाली. पुढं ते टर्मिनलही पाडलं. तोटा असा उघडा दिसत असताना कंपनी दुसरीकडं जाते, ती तिथली कमाई त्या खर्चाहून जास्त दिसते म्हणून. आणि तिकिटाचा दर खर्च मोजून ठरत नाही, त्या दिवशी गिऱ्हाईक किती आहे यावर ठरतो. दिवाळीत ट्रॅव्हल्सवाल्यांचं डिझेल महाग होतं का?

हां, नवी मुंबईचं प्रवासी शुल्क जुन्या विमानतळापेक्षा जास्त आहे, हे कबूल. पण ते नियामक प्राधिकरण विमानतळागणिक ठरवतं. एखादी कंपनी दोन्हीकडून उडते म्हणून ते वाढत नाही.

‘मोठ्या देशांत कुणी करत नाही’ हे वाचून मात्र मी कपाळाला हात लावला. ब्रिटिश एअरवेज एकट्या लंडनमध्ये हीथ्रो, गॅटविक आणि लंडन सिटी अशा तीन विमानतळांवरून उडते. हीथ्रोवर लांब पल्ल्याची आणि जोडप्रवासाची गर्दी, गॅटविकवर सुट्टीला निघालेली कुटुंबं, आणि सिटीवर बँकांच्या भागातले साहेब लोक. सिटीची धावपट्टी अवघी 1,508 मीटर, तिथं मोठं विमान उतरतच नाही. न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावरून काही अपवाद सोडले तर 1,500 मैलांपलीकडं विनाथांबा उडायला मनाई आहे, म्हणून डेल्टा या विमान कंपनीला तिथंही राहावं लागतं आणि लांबच्या विमानांसाठी तिथल्याच केनेडी विमानतळावरही.

याची शिक्षा मी स्वतः खाल्ली आहे. सुरुवातीच्या काळात परभणीच्या एका जोडप्याचं तिकीट काढताना मी लंडन शहराचा, म्हणजे तिथल्या सगळ्या विमानतळांचा मिळून असलेला, कोड ‘एलओएन’ टाकला, स्वस्त दिसलं ते निवडलं. उतरणं हीथ्रोला, पुढचं विमान गॅटविकहून, मध्ये तीन तास. दोन्हींमध्ये रस्त्यानं सत्तरेक किलोमीटर. पुढचं विमान अर्थातच चुकलं. नव्या तिकिटाचे पैसे मी भरले. तेव्हापासून कोडची तिन्ही अक्षरं मी बोटानं दाखवून वाचून घेतो.

‘जुना बंद करणार’ ही भीती आपल्या भागात लवकर पटते, कारण आपण हैदराबादला ते बघितलंय. मार्च 2008 मध्ये शमशाबादचा नवा विमानतळ सुरू झाला आणि जुन्या बेगमपेटची प्रवासी विमानं थांबली. पण तिथं करारातच 150 किलोमीटरच्या आत दुसरा विमानतळ नको अशी अट होती. नवी मुंबईचा तर घाटच जुन्याला जोड म्हणून घातलेला. जुन्यातलं टर्मिनल 1 पाडून नवं बांधायची योजना आहे, त्यावरून ही आवई उठली असावी. काळजी करायचीच तर दोन्ही विमानतळ एकाच उद्योगसमूहाकडं आहेत याची करा. लंडनचे तीन मोठे विमानतळ एकाच कंपनीकडं होते, तेव्हा तिथल्या स्पर्धा आयोगानं 2009 मध्ये त्यातले दोन विकायला लावले.

आता ते शेवटचं वाक्य. स्लॉट मोजके असले की कंपनी त्यात 180 माणसांचं विमान उतरवील की आपलं 76 आसनांचं? धावपट्टी दोघांनाही तेवढीच लागते. लहान गावांची विमानं आधी बाहेर ढकलली जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. नांदेडचं दिल्लीचं उदाहरण घ्या. 2024 मध्ये स्टार एअरनं सेवा सुरू केली ती दिल्लीच्या मुख्य विमानतळाला, पालमला नाही, गाझियाबादजवळच्या हिंडनला. गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेले दिल्लीकर मला विचारायचे, ‘टर्मिनल कौनसा?’ हिंडन हवाई दलाचं ठाणं, त्याला टर्मिनल एकच. पण विमान आलं, हे महत्त्वाचं.

म्हणून मी गिऱ्हाईकाला सांगतो, कुठं उतरवता यावर भांडू नका, किती वाजता उतरवता यावर भांडा. नवा विमानतळ आहे त्या उलव्याहून अटल सेतूनं मंत्रालयाकडं जाता येतं. सकाळी जाऊन, फाईल पुढं सरकवून, संध्याकाळी परत यायला मिळणार असेल, तर खाडीपलीकडचं चालेल. दुपारी दोनला उतरवून दुसऱ्या दिवशी दुपारी आणणार असाल, तर जुन्या विमानतळावर, सांताक्रूझला उतरवलं तरी लॉजचं भाडं आलंच.