ताटातला बांगडा राहू द्या, डाळ किती आहे ते सांगा

नमस्कार ताई,

ताटात डाळी, उसळी, भाज्या वाढवा असं सांगणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच खडसावून लिहिलंत. दोन ओळींत आभार मानून सुटण्यासारखी ती प्रतिक्रिया नाही, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ताईंचं माहेर देवगडचं. मासळीवरच वाढल्या, आजी नव्वदी ओलांडून गेली. आता डोंबिवलीत शेजारी पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी कुटुंब आहे, तरी त्या घरात तिघांना शुगर आणि काकूंना बी-बारा जीवनसत्त्वाची इंजेक्शनं चालू. "मग झाडपाल्याचं एवढं कौतुक कशाला? कडधान्यानं आमच्याकडे सगळ्यांची पोटं फुगतात, बदामाचं दूध आम्हाला परवडत नाही, आणि शाकाहार श्रेष्ठ हे ऐकून कान किटलेत." शेवटी सासऱ्यांबद्दल एक प्रश्नही आहे.

कान किटले असतील यात नवल नाही. मासे खाणाऱ्याला घर नाकारणाऱ्या सोसायट्या आहेत, आणि ताट बघून माणसाची पायरी ठरवायची खोड आपल्याकडे जुनी आहे. माझ्या लेखात सात्त्विक-तामसी असलं काही नव्हतं, पुढेही नसेल. मासे सोडा असंही मी म्हटलेलं नाही. माझा प्रश्न ताटात काय नाही यापेक्षा काय आहे आणि किती आहे, एवढाच आहे. आणि तो प्रश्न तुमच्यापेक्षा तुमच्या शेजारच्या काकूंना जास्त लागू पडतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

अशा घरातला नेहमीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी चहात बुडवून चार बिस्किटं. मग कांदेपोहे नाहीतर उपमा. दुपारी डब्यात तीन-चार पोळ्या आणि बटाट्याच्या काचऱ्या. घरी असणाऱ्यांना वरणभात. पाचला पुन्हा चहा, बरोबर खारी किंवा फरसाण. रात्री खिचडी, पापड, लोणचं. चतुर्थीला साबुदाणा, म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यातल्या त्यात दाण्याच्या कुटाची कृपा. या सगळ्यात मांसाचा कण नाही, मान्य. पण डाळ किती? चौघांच्या वरणाला एक वाटी तूरडाळ लावतात, म्हणजे सव्वाशे-दीडशे ग्रॅम. माणशी तीस-पस्तीस. कोरड्या तूरडाळीत 100 ग्रॅमला साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात, त्या हिशेबानं त्या वरणातून एकाच्या वाट्याला सातेक ग्रॅम येतात. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास लागतात, आणि आपल्यासारखी बहुतेक प्रथिनं धान्यातून येत असतील तर थोडी जास्तच. पालेभाजी आठवड्यातून दोनदा, तीही ताटाच्या कोपऱ्यात चमचाभर. काकू शाकाहारी आहेत, पण त्यांच्या ताटात शाक कुठे आहे?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या 2000 उष्मांकांच्या नमुना ताटात धान्यं 250 ग्रॅम आहेत, भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा त्याऐवजी अंडी, मासे, मांस) 85 ग्रॅम आणि दाणे-तेलबिया 35 ग्रॅम. हे आकडे वाचून कुणाला काही वाटत नाही, म्हणून ते किराणाच्या यादीत घालून बघा. माणशी 85 ग्रॅम म्हणजे मांसमासे न खाणाऱ्या चौघांच्या घरात महिन्याला दहा किलो डाळी आणि कडधान्यं. काकूंकडे किती येतात? माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत दोन किलो तूर, एक किलो मूग, अर्धा किलो हरभराडाळ आणि डब्याच्या तळाशी कधीची तरी मटकी. भाज्यांचंही तसंच. चौघांना 400 ग्रॅमप्रमाणे रोज दीड किलोच्या वर होतात, आणि आपण मेथीची एक जुडी निवडून 'भाजी झाली' म्हणतो. ती जुडी शिजल्यावर मूठभर होते.

आता शुगर. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर निघाली. त्याच अभ्यासातून 2025 मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात आहाराबद्दल निष्कर्ष आले. सरासरी भारतीय दिवसाच्या उष्मांकांपैकी 62 टक्के कर्बोदकांतून घेतो, जगाच्या तुलनेत खूपच जास्त. आणि त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही की पांढऱ्या तांदळाऐवजी किंवा मैद्याऐवजी नुसती गहू-ज्वारी-बाजरी आणून धोका कमी होताना दिसला नाही. एकूण कर्बोदकंच कमी व्हावी लागतात. त्यातल्या थोड्या उष्मांकांच्या जागी वनस्पतीजन्य किंवा दुधातली प्रथिनं आली, तर मधुमेहाचा धोका घटलेला दिसतो. म्हणजे पोळीऐवजी भाकरी खाऊन भागत नाही. तीन भाकऱ्या आणि चमचाभर पिठलं याऐवजी दीड भाकरी आणि वाटीभर पिठलं, असा तो बदल आहे. भाकरी-पिठल्याची जोडीही उगाच जमलेली नाही. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी लायसिन धान्यात कमी असतं, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात असतं. फक्त जोडीतला एक जण फारच किरकोळ झालाय.

बी-बाराबद्दल मात्र तुमचं बोट अगदी बरोबर जागी आहे, आणि वनस्पतीजन्य आहाराचं गुणगान करणारे अनेक जण इथेच गुळमुळीत बोलतात. वनस्पतींत बी-बारा नसतं. मोड आलेल्या कडधान्यात, इडलीच्या पिठात, आंबिलात, स्पिरुलिनाच्या गोळ्यांत ते मिळतं असं सांगणाऱ्यांवर भरवसा ठेवू नका. दुधादह्यात असतं, पण चहापुरत्या दुधातून भागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या 441 पुरुषांच्या तपासण्या प्रसिद्ध केल्या. 67 टक्के जणांत बी-बारा कमी होतं. शहरी मध्यमवर्गात 81 टक्के. शाकाहाऱ्यांत धोका कितीतरी जास्त, हे खरंच. पण हा आकडा निव्वळ शाकाहाऱ्यांचा नाही. महिन्यातून दोनदा मटण खाऊन स्वतःला मांसाहारी म्हणवणाऱ्यांनीही तपासून घ्यावं. काकूंच्या बाबतीत अजून एक शक्यता बघा: त्या शुगरसाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर ती गोळी वर्षानुवर्षं घेतल्यानं बी-बारा आणखी खाली जाऊ शकतं. त्यांनी डॉक्टरांना तेवढं विचारावं, गोळी मनानं बंद करू नये. आणि दूधही सोडून पूर्ण व्हीगन झालेल्यांना बी-बाराची गोळी घेण्यावाचून गत्यंतर नाही. त्यात कमीपणा कसला?

तुमच्या आजीच्या ताटाकडे येते. तुम्ही म्हणता ती मासळीवर जगली. मला वाटतं ती मासळीबरोबर जगली. पावसाळ्यात समुद्र बंद. आज राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, आणि तेव्हाही होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावर ओढलेल्या असायच्या. त्या महिन्यांत सुकट, सुके बांगडे असायचे, पण तोंडी लावण्यापुरते. पोट भरायचं ते उकड्या तांदळाच्या पेजेनं, कुळथाच्या पिठीनं, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यानं, फणसाच्या भाजीनं, परसातल्या अळवानं, शेवग्याच्या पाल्यानं, पहिल्या पावसात उगवलेल्या टाकळ्यानं. माशाच्या कालवणातसुद्धा तुकडे दोन आणि वाटण भरपूर. हे सगळं सोडून आपण त्या ताटातला मासा तेवढा शहरात आणला. रविवारी रव्यात घोळवून तळलेली सुरमई, डोंगराएवढा भात, सोलकढी, आणि भाजीचं पातेलं चढतच नाही. आजीचा दाखला द्यायचा तर तिची कुळथाची पिठीही आणा की. (आमच्या सोलापूरकडे त्याचंच हुलग्याचं माडगं करतात. थंडीत गरमागरम, वर तूप.)

माशाचं श्रेय मात्र माशाला. बांगडा, तारली यांतली ओमेगा-3 स्निग्धाम्लं शरीराला थेट वापरता येतात. जवसातलं ओमेगा-3 वेगळ्या रूपात असतं आणि त्याचं रूपांतर शरीरात फार थोडं होतं, त्यामुळे जवसाची चटणी चांगली असली तरी बांगड्याची पूर्ण भरपाई नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सुमारे 48,000 लोकांची 18 वर्षं नोंद ठेवून 2019 मध्ये जे मांडलं तेही तुमच्या बाजूनं जाणारं आहे: मांस खाणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहाऱ्यांत रक्तवाहिन्या अरुंद झाल्यानं होणारा हृदयविकार 22 टक्क्यांनी कमी, आणि मांस न खाता मासे खाणाऱ्यांतही 13 टक्क्यांनी कमी. शाकाहाऱ्यांत पक्षाघात मात्र 20 टक्क्यांनी जास्त आढळला, आणि त्यामागे बी-बाराची कमतरता असू शकेल अशी एक शक्यता संशोधकांनीच मांडली. अभ्यास ब्रिटनमधला आहे, तिथलं शाकाहारी ताट आणि आपलं एक नव्हे, तरी दोन्ही आकडे एकत्रच सांगायला हवेत. अर्धाच सांगणारे दोन्हीकडे आहेत.

पोट फुगण्याचं आता. कडधान्यात रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. लहान आतड्यात त्या पचत नाहीत. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू धरतो. म्हणून रात्री मटकी भिजवली की सकाळी ते पाणी ओतून द्यायचं. 'सत्त्व जाईल' म्हणून तेच पाणी आमटीला वापरणाऱ्या सुगरणी मी पाहिल्यात, आणि त्यांच्या घरातल्यांच्या तक्रारीही ऐकल्यात. मग दोन-तीनदा धुऊन, निथळून, ओल्या सुती फडक्यात घट्ट गाठोडं बांधून उबेला ठेवा. मोड येताना बी त्या शर्करा स्वतःसाठी वापरतं, त्यामुळे त्या आणखी कमी होतात. शिवाय लोह आणि जस्त अडवून धरणारं फायटेटही घटतं. दाण्याएवढा मोड आला की हिंग-जिऱ्याच्या फोडणीवर घालून झाकणावर पाणी ठेवून मऊ शिजवा. दातांखाली कचकचणारी अर्धी कच्ची उसळ पौष्टिक म्हणून खाऊ नका, ती त्रास देणारच. सुरुवात मुगापासून करा, रोज अर्धी वाटी. पोटाला सवय झाली की मटकी, चवळी, मसूर. वाल, छोले, राजमा सगळ्यात शेवटी. ज्या घरात वर्षभर उसळ होत नाही तिथे एकदम दोन वाट्या छोले खाल्ल्यावर काय होणार?

तसंच लोहाचं. पोह्यांवर लिंबू पिळायची आपली पद्धत उत्तम आहे, क जीवनसत्त्वानं वनस्पतींतलं लोह अंगी लागतं. आणि त्याच घासाबरोबर आपण कपभर चहा पितो, जो ते लोह अडवतो. चहा तासाभरानं प्या. सांगणं सोपं आहे, माझ्याच घरात या विषयावर मतदान झालं तर मी हरेन.

परवडण्याबद्दल फार लिहीत नाही. बदामाचं दूध माझ्या लेखात नव्हतं, माझ्या घरातही नाही. शेंगदाणे, तीळ, कारळे, जवस, कुळीथ, चवळी यांच्यावर माझी भिस्त आहे. दहा किलो कडधान्यांचा खर्च होतो, नाही कसा? पण त्याच यादीतून बिस्किटं, खारी, फरसाण, मॅगी, सरबतांच्या बाटल्या वजा करून बेरीज करा, आणि तेलाचाही आकडा बघा: नमुना ताटात 27 ग्रॅम आहे, म्हणजे चौघांना महिन्याला तूप-लोण्यासकट सव्वातीन किलोच्या आसपास.

राहिला सासऱ्यांचा प्रश्न. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलंय (म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची खूण) आणि डॉक्टरांनी "जपून खा" एवढंच सांगितलंय, तर कडधान्यं वाढवावीत का, असं तुम्ही विचारलंत. माझा लेख त्यांच्यासाठी नाही. मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असताना प्रथिनं किती हे आजाराच्या टप्प्यावर ठरतं. पोटॅशियम वाढलं असेल तर पालेभाज्या, टोमॅटो, शहाळं यांवरही बंधनं येऊ शकतात. म्हणजे मी इतरांना जे वाढवायला सांगते तेच त्यांना मोजून घ्यावं लागेल. 'जपून' म्हणजे किती ग्रॅम हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांचा आहार बघणारा आहारतज्ज्ञ त्याच रुग्णालयात असेल तर ताजे रिपोर्ट घेऊन त्यांना भेटा. भेटायला जाल तेव्हा सासरे आठवडाभर काय काय खातात ते कागदावर उतरवून न्या, चहाच्या कपांसकट. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ घरात असेल तर तेही दाखवा. त्यात बहुधा पोटॅशियम घातलेलं असतं, आणि ते त्यांना चालेलच असं नाही.