बिझनेस क्लास कुणासाठी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. विमानातले क्लास घडवले ते ऑफिसच्या ट्रॅव्हल पॉलिसीने, म्हणजे कामाच्या प्रवासाला कुणी कुठल्या क्लासने जायचं या नियमांनी, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की विमान कंपन्या प्रवाशाची सोय आणि ऐपत बघून क्लास पाडतात, त्यात ऑफिसच्या ट्रॅव्हल पॉलिसीला मी उगाच मखरात बसवलं. शिवाय इंदूरहून उडणारी बहुतेक विमानं निव्वळ इकॉनॉमीची, मग हे पुराण इथे कुणाला ऐकवता?

सोयीचं आधी बघू. १९७०च्या दशकाच्या शेवटी स्वस्त तिकिटांचा सुळसुळाट झाला. पूर्ण भाडं भरणारा माणूस बहुधा कंपनीच्या कामाने निघालेला, आणि त्याच्या शेजारी सवलतीच्या तिकिटावर सुट्टीला चाललेलं कुटुंब. तो कुरकुरू लागला; पण त्याला फर्स्टचं तिकीट काढून द्यायची त्याच्या कंपनीची तयारी नव्हती. अशा प्रवाशासाठी अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीने १९७८ साली 'क्लिपर क्लास' काढला, ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने १९७९ साली बिझनेस क्लास. सुरुवातीला अनेक ठिकाणी फरक काय, तर मध्ये पडदा आणि पेयं फुकट. खुर्ची बहुधा तीच! सोयीचाच विचार असता, तर आधी खुर्ची बदलली असती.

पुढे २०००मध्ये ब्रिटिश एअरवेजने बिझनेसमध्ये पूर्ण आडवी होणारी सीट आणली. झोप तिथेच मिळू लागल्यावर फर्स्टचं बिल पास करायला अकाउंट्सकडे कारणच उरलं नाही. त्याआधी, १९९२च्या सुमारास, तैवानच्या इव्हा एअर आणि ब्रिटनच्या व्हर्जिन अटलांटिकने इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधली पायरी, म्हणजे आजची प्रीमियम इकॉनॉमी, घातली होती. बिझनेस परवडत नाही, पण माणूस तिकडे उतरून थेट मीटिंगला बसायचा आहे, अशा कंपन्यांना ती बरोबर सापडली.

आता इंदूर. माझं काम इथेच, ट्रॅव्हल डेस्कवर, म्हणजे कामाला निघालेल्यांची तिकिटं काढायचं. बऱ्याच कंपन्यांत नियम असतो: सहा तासांहून लांब उड्डाण असेल तरच बिझनेस. पण तास मोजायचे कुठून? आमच्याकडे सर्वात लांब टप्पा धरतात. तुम्ही लिहिलंत, तुमचा मुलगा 'थकवा येतो म्हणून' फ्रँकफर्टला बिझनेसने जातो. दिल्लीहून ते आठ-नऊ तासांचं उड्डाण, म्हणजे असल्या नियमात सहज बसतं. तोच सिंगापूरला निघाला, तर मुंबईहून साडेपाच तास. रात्रभर ताठ बसून जायचं, कितीही थकू दे. आणि इंदूर-मुंबईचा टप्पा, विमानतळावर ताटकळणं? ते कुणी मोजत नाही. बुकिंग करताना बिझनेस टाकून बघितलं की स्क्रीनवर लाल पट्टी येते, 'पॉलिसीबाहेर', आणि मग साहेबांची मंजुरी मागत बसा. इंदूरच्या विमानात पडदा नसेना का, पुढच्या विमानात पडद्याच्या कुठल्या बाजूला बसायचं ते इथेच ठरतं.

सरकारी कारभारही निराळा नाही. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्रात पगाराची लेव्हल १४ आणि वर असेल तर देशांतर्गत बिझनेस, त्याखाली लेव्हल ६ पर्यंत इकॉनॉमी. गुडघे कुणाचे दुखतात हे त्यात कुठे येतं?

तुमचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. हल्ली स्वतःच्या खिशातून पुढची सीट घेणारे वाढलेत, विशेषतः कोविडनंतर. पण कर बघा. २२ सप्टेंबर २०२५पासून इकॉनॉमीवर ५ टक्के जीएसटी आणि त्यावरच्या क्लासवर १८. प्रीमियम इकॉनॉमीही १८मध्येच. कामाच्या प्रवासाचं इनपुट क्रेडिट कंपनीला मिळतं, म्हणजे तिकिटावर भरलेला जीएसटी तिला स्वतःच्या करातून वळता करता येतो; घरच्या पैशाने जाणाऱ्याला भुर्दंड पूर्ण. म्हणजे पुढची सीट पुन्हा कंपनीच्या माणसालाच स्वस्त पडते.

मुलाला एकदा विचारा, त्यांच्याकडे सहा तास कुठून मोजतात. उत्तर इथेच खाली लिहा.