‘पाच मिनिटांत वैरण खातो’ म्हणणाऱ्या दादांना

मागच्या आठवड्यात ‘खोंड बडवताना भूल का देत नाही?’ हा लेख टाकला होता. म्हणणं साधं होतं. खोंडाचं खच्चीकरण, म्हणजे आपल्या भाषेत ‘बडवणं’, करायचंच असेल तर ते कमी वयात करा, डॉक्टरकडून चिमट्यानं करून घ्या आणि चिमटा लावण्याआधी ती जागा बधिर करा. त्यावर ‘माणदेशी मावळा’ या नावानं प्रतिक्रिया आली. खाली जाऊन शोधत बसू नये म्हणून ती इथेच देते:

“ताई, पुण्यात एसीत बसून बैलांवर लिहायला अक्कल लागत नाही. जनावराला माणसासारखं दुखत नसतं. आमच्याकडं खोंड बडवला की पाच मिनिटांत उठून वैरण खायला लागतो, व्हिडिओ जोडलाय, बघा. आणि दुखलंच तर मेडिकलातनं इंजेक्शन आणून टोचतो आम्ही. तुमचा तो भूलवाला डॉक्टर आमच्या गावात येतो का, आला तर किती घेतो, ते लिहा आधी. बैल राहिलेत कुठं आता, सगळं ट्रॅक्टरवर आहे. उगं कायद्याची भीती घालू नका.”

दोन ओळींत उत्तर द्यायचं ठरवलं होतं. जमलं नाही.

दादा, आधी तो एसी. माझ्या घरात एसी नाही. फ्लॅट आहे, दुसऱ्या मजल्यावर आहे, उन्हाळ्यात तापतो. तुम्ही एसी कुठून आणलात ते तुम्हालाच ठाऊक. माझं माहेर आटपाडी तालुक्यातलं. खरसुंडीच्या पौषी यात्रेला आमचे थोरले आबा खोंड घेऊन उतरायचे आणि मी त्यांच्यामागं शेपटासारखी. गिऱ्हाईक येऊन ओठ वर करून दात बघायचं. आदत (दुधाचे दात) आहे की दुसा (दोन पक्के दात) की चौसा (चार), हे मला पाढे पाठ व्हायच्या आधी कळायचं. उपरण्याखाली बोटं दाबून भाव कसा ठरतो तेही मी बघितलंय. भाऊ आजही खिलार बैलांची एक जोडी राखून आहे. तुमची प्रतिक्रिया त्याला फोनवर वाचून दाखवली, तर म्हणाला, “तू कशाला नादाला लागतीस.” लागले, काय करणार.

हे सगळं सांगावं लागतंय याचंच वाईट वाटतं. हाच लेख एखाद्या डॉक्टरसाहेबांनी लिहिला असता तर तुम्ही खाली ‘उपयुक्त माहिती सर’ लिहून हात जोडले असते. बाईनं लिहिलं की आधी तिची अक्कल निघते, मग पत्ता निघतो. ‘ताई’ म्हणून सुरुवात केली म्हणजे पुढं काहीही बोलायची सोय होते असं नाही. या ब्लॉगवर कडक टीका पूर्वीही आली आहे आणि ती मी जशीच्या तशी ठेवली आहे. टीका आणि टोमणा यांतला फरक मात्र मला कळतो.

आता तुमची ती पाच मिनिटं.

व्हिडिओ मी बघितला. एकदा नव्हे, थांबवून थांबवून बघितला. चौघांनी खोंड आडवा पाडलाय, पाय बांधलेत, एक जण मानेवर बसलाय. दुखत नसेल तर मानेवर माणूस कशाला बसवायचा, हा माझा पहिला प्रश्न. असो. काम उरकल्यावर दोर सोडतात, कुणीतरी शेपूट पिरगाळतं आणि खोंड उठतो. मागचे दोन्ही पाय फाकवून उभा राहतो. शेपूट एकाच बाजूला झटकत राहतो. कान मागं पडलेत. पुढ्यात कडब्याची पेंढी टाकतात, कॅमेऱ्यामागून आवाज येतो, “बघा, खातोय का न्हाय!” खोंड कडब्याचं एक ताट तोंडात घेतो. ते ताट ओठांतून लोंबत राहतं. जबडा हलत नाही. दादा, जबडा हलत नाही! तेवढ्यात तुमचा व्हिडिओ संपतो.

पुढ्यात आलेली वैरण तोंडात धरणं याला आमच्याकडं खाणं म्हणत नाहीत. धडधाकट बैल दिवसाचे सहा-आठ तास नुसता रवंथ करण्यात घालवतो. आत कुठं ठणकत असलं की रवंथ थांबतो किंवा तुटक होतो. आमच्या मोठ्या काकू गोठ्यात कुणी जनावर मलूल दिसलं तर ‘खातंय का’ असं कधी विचारायच्या नाहीत. ‘रवंथ करतंय का’ एवढंच विचारायच्या. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, आणि एसी तर त्यांच्याकडेही नव्हता. तुम्ही तोच खोंड संध्याकाळी दाखवा, दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवा. दावणीला बसताना एका अंगावर बसतो का, चालताना मागचं पाऊल आखडून टाकतो का, इतर जनावरांपासून लांब उभा राहतो का, ते दाखवा. पाच मिनिटांत तर कुणीही उठतं. मार खाल्लेलं पोरही उठून उभं राहतं.

बैल ओरडत नाही यावरून त्याला दुखत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी बैल कुठलं जनावर आहे हे लक्षात घ्यावं. शिकार होणारं जनावर आहे ते. कळपात जे लंगडलं, मागं पडलं, ते लांडग्याच्या नजरेत भरलं. माणदेशात लांडगा अजून आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. हजारो वर्षं असं गेल्यावर कळ गिळून उभं राहणं जनावराच्या अंगात मुरतं. त्यामुळं त्याच्या तोंडावर विश्वास न ठेवता रक्त तपासतात. भूल न देता खच्ची केलेल्या वासरांच्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं संप्रेरक चढतं आणि काही तास चढलेलंच राहतं. जागा बधिर केली तर ते कमी चढतं, सोबत वेदनाशामक दिलं तर आणखी कमी. हे वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा मोजून झालंय. ब्रिटनमध्ये दोन महिन्यांपुढच्या वासराला भूल दिल्याशिवाय खच्ची करताच येत नाही. आपल्याकडं चौसा झालेल्या, दांडग्या खोंडाला नुसता दोर बांधून करतात आणि वर ‘दुखत नसतं’.

बधिर करायला जे औषध लागतं ते लिग्नोकेन. दाताच्या डॉक्टरनं तुमच्या हिरडीत कधी टोचलं असेल तर तेच. ते नसेतून जाणारा दुखण्याचा निरोप वाटेत अडवतं, तुमच्यात आणि बैलात एकाच पद्धतीनं. बैलाला दुखतच नसतं तर अडवायला काही उरलंच नसतं, आणि बधिर केलेल्या नि न केलेल्या वासरांत फरकही दिसला नसता. चिमटा लावतात तो बर्डिझोचा. त्यात कातडी फाटत नाही, आतली शीर आणि रक्तवाहिन्या चिरडल्या जातात, रक्तपुरवठा तुटतो आणि पुढच्या काही आठवड्यांत वृषण सुकतं. बाहेरून रक्त दिसत नाही म्हणून बघणाऱ्याला वाटतं, काही झालंच नाही. आतली नस मात्र तीच चिरडली जाते. औषध टोचल्यावर काही मिनिटं थांबावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. चार माणसं दोर धरून उभी असताना ती मिनिटं थांबायचा धीर कुणालाच नसतो.

आणि एक. मी हे पुस्तकातून लिहीत नाही. आमच्या गोठ्यातला पांढरा खोंड बडवला तेव्हा हळद-तेलाची वाटी माझ्या हातात होती. बडवणारा शेजारच्या गावचा होता. चिमटा नव्हता, दोन काठ्यांच्या कात्रीत शीर धरून वरून मोगरीनं ठेचत होता. खोंड ओरडला नाही. त्याच्या नाकातून फेस आला आणि डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला. दुसऱ्या दिवशी तो उठला नाही. पिशवी सुजून नारळाएवढी झाली होती. मेला नाही, नंतर वर्षानुवर्षं औत ओढलं त्यानं. तुमच्यासारखेच आमचे आबाही नंतर सांगायचे, “बघा, काय झालं त्याला?” जगला म्हणजे सोसलं नाही, हा हिशोब मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही.

एक गोष्ट तुमची मान्य करते. ठेचण्याच्या पद्धतीला मी लेखात ‘रानटी’ म्हटलं होतं. तो शब्द जरा चढा झाला. ज्या काळात गावात दुसरं साधनच नव्हतं त्या काळच्या माणसांना तो लागू नये. तेवढं मागं घेते. आज चिमटा असताना जो ठेचतो त्याच्यासाठी कुठला शब्द वापरायचा ते तुम्हीच सुचवा.

वयाबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत, पण दुसऱ्या कुणीतरी विचारलंय म्हणून सांगते. वशिंड भरावं, मान दांडगी व्हावी म्हणून खिलारवाले उशिरा बडवतात हे मला ठाऊक आहे. त्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. मग उशिराच करा. पण जितकं जनावर मोठं तितकी शीर जाड, तितकी सूज जास्त. भुलेची गरज त्यामुळं वाढते. पावसाळ्यात तर करूच नका. माशी बसते, कुठं खरचटलं असेल तर आळ्या पडतात.

‘मेडिकलातनं इंजेक्शन आणून टोचतो’ हे वाक्य वाचून मी जरा थांबले. कुठलं इंजेक्शन, दादा? डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक असेल तर ते जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे. माणसांच्या नावावर मोठ्या बाटल्या घेऊन त्या गोठ्यात जायला लागल्या, म्हणून २०१५ मध्ये तीन मिलिलिटरच्या एका मात्रेपेक्षा मोठं पॅकिंगही बंद झालं. डायक्लोफेनॅक टोचलेलं जनावर थोड्या दिवसांत मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशातून नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त गेली ती अशी. म्हसळ्याच्या चिरगावात लोकांनी ती राखायचा प्रयत्न केला म्हणून कोकणात थोडी तरी बघायला मिळतात. अॅसिक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेनही २०२३ मध्ये जनावरांसाठी बंद झाली. गिधाडांना न बाधणारं, बैलाची कळ कमी करणारं मेलॉक्सिकॅम मिळतं. ते मागा, आणि मात्रा डॉक्टरला विचारून द्या. आणि हो, एकीकडं दुखत नसतं म्हणायचं आणि दुसरीकडं दुखलंच तर इंजेक्शन टोचायचं, ही दोन वाक्यं तुम्ही एकाखाली एक लिहिली आहेत. परत वाचा.

डॉक्टर गावात येतो का आणि किती घेतो, हा प्रश्न मला विचारून काय उपयोग? मी पशुसंवर्धन खात्यात नाही. १९६२ हा टोल-फ्री नंबर आहे, फिरत्या दवाखान्याची गाडी त्यावर बोलावता येते. तुम्ही कधी फोन लावलाय का? डॉक्टर येत नाही म्हणून बैलाला दुखत नाही, असं तर सिद्ध होत नाही ना? खर्चाचं म्हणाल तर ज्या खोंडाची बोली हजारांत लागते त्याच्यापुढं लिग्नोकेनच्या बाटलीचे पैसे काढून दाखवायचे नसतात. गावोगावच्या रिकाम्या जागा, दवाखान्यांची अंतरं, हा सगळा वेगळा विषय आहे. माझ्या लेखाचा तो नव्हता.

बैल राहिलेत कुठं म्हणता. मग तुमच्या व्हिडिओत काय आहे, ट्रॅक्टर? १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना मान्यता दिली तेव्हा गुलाल उधळणाऱ्यांत माणदेशी कमी नव्हते. उसाच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर एकदा रात्री उभे राहा, बैल दिसतील.

कायद्याची भीती मी घातलेली नाही. लेखात कायद्याचं एकच वाक्य होतं. पण काढलंत तर ऐका. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्यातल्या अकराव्या कलमात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. या दंडाची भीती कुणाला वाटणार? वर त्याच कलमात खच्चीकरण, वेसण, डागणी, शिंगं काढणं हे ठरवून दिलेल्या पद्धतीनं केलं तर गुन्हा नाही, अशी सूटही आहे. म्हणजे दंडाच्या बाबतीत तरी कायदा तुमच्याच बाजूला झुकलेला आहे. म्हणून तर मी पोलिसांकडं न जाता ब्लॉग लिहिते.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, ‘अक्कल’सकट ठेवली आहे. व्हिडिओ मात्र उडवलाय. पुरावा नको म्हणून उडवला असं समजू नका, उलट मला तो ठेवायचा होता. त्यात दोर धरून उभ्या असलेल्या लहान मुलाचा चेहरा स्पष्ट दिसतो. तेवढा झाकून पुन्हा पाठवा, आणि जमलं तर या वेळी संध्याकाळपर्यंत शूट करा.