पत्र्याचा उंदीर कसा चुकवावा

फील्ड टार्गेट या एअर रायफलच्या नेमबाजीच्या खेळात नेम लागणे ही काही मोठी गोष्ट नाही. लागला की पत्रा पडतो आणि विषय तिथेच संपतो. खरे कसब लागते ते नेम चुकल्यानंतर, आणि आपण इंग्लंडमधल्या एखाद्या क्लबाच्या रविवारच्या स्पर्धेत प्रथमच उतरणार असाल, तर त्या कसबाची गरज आपल्याला दिवसभरात तीस-चाळीस वेळा पडण्याचा संभव आहे. सबब, पूर्वतयारी घरूनच करून निघावे.

१९८० साली इंग्लंडात सुरू झालेल्या या खेळाची मांडणी दिसायला बालिश आहे. झाडीत ८ ते ५५ यार्डांवर पत्र्याचे उंदीर, कावळे आणि ससे उभे केलेले असतात. प्रत्येकाच्या अंगावर साधारण १५ ते ४० मिलिमीटर व्यासाचे एक भोक असते आणि त्यामागे एक पट्टी असते. छर्रा भोकातून आरपार जाऊन त्या पट्टीवर आदळला, की जनावर मागे कोसळते. भोकाच्या कडेला लागला, तर टण् असा आवाज होतो आणि जनावर जागच्या जागी उभे राहून आपल्याकडे पाहत बसते. पडलेले जनावर पुन्हा उभे करण्यासाठी त्याला लांब दोरी बांधलेली असते. ज्याचा नेम चुकतो त्याला ही दोरी ओढण्याचे कष्ट पडत नाहीत, ही सोय नवशिक्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

खर्चाच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नये. इंग्लंडमध्ये एअर रायफलची ताकद १२ फूट-पाउंडांच्या (हे छर्ऱ्याच्या ऊर्जेचे माप) वर गेली, की पोलिसांचा परवाना काढावा लागतो. त्यामुळे कितीही पैसा ओतला तरी बंदुकीचा जोर त्यापुढे वाढवता येत नाही. तो पैसा बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणीत ओतावा. अंतर मोजण्यासाठी लेझर वापरण्याची मुभा नसल्याने, चाळीस-पन्नास पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीच्या कुशीला बशीएवढे चाक बसवतात, उंदराच्या मिश्या स्पष्ट दिसेपर्यंत ते फिरवतात आणि चाकावर लिहिलेला यार्डांचा आकडा वाचतात. (उंदराला मिश्या नसतात, तो पत्र्याचा आहे. त्या स्पष्ट दिसल्या असे म्हणण्याची मात्र पद्धत आहे.) अशी दुर्बीण घेण्याचा मुख्य लाभ हा, की थंडी-उन्हाने तिचा आकडा यार्ड-दोन यार्ड इकडेतिकडे सरकतो. सकाळी धुके आणि दुपारी ऊन देणाऱ्या देशात ही सबब दुपारच्या चहापर्यंत सहज पुरते. स्वस्त दुर्बीण घेतली, तर लोक दोष आपल्या कंजूषपणाला देतील, हवामानाला देणार नाहीत.

चहानंतर वाऱ्याकडे वळावे. अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा छर्रा ५० यार्डांवर पोहोचेपर्यंत साध्या झुळुकेनेही भोकाबाहेर ढकलला जातो, हे शास्त्र आपल्या बाजूचे आहे. बंदुकीच्या नळीला लोकरीचा धागा बांधून ठेवावा आणि नेम चुकल्यावर त्याच्याकडे खेदाने पाहावे. चुकण्यापूर्वी पाहिल्यास त्याचा उपयोग करावा लागतो. आपल्याकडे नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात, ते इथे बिनदिक्कत म्हणावे, कारण अंगण खरोखरच वाकडे असते आणि क्लबातल्या कुणीतरी आदल्या दिवशी चिखलात उभे राहून ते मुद्दाम वाकडे केलेले असते: एक कावळा फांदीवर, पुढचा ससा खड्ड्यात, आणि दोन्हींच्या मध्ये वारा उलट दिशांनी वाहील अशी मोकळी पट्टी. जत्रेत फुगे फोडताना दुकानदाराच्या बंदुकीची माशी वाकडी आहे हे आपण सातव्या वर्षीच ओळखले होते. तो अनुभव इथे वाया जाणार नाही. घरचे लोक फोनवर अंजली भागवत यांचे उदाहरण देतील, तर त्यांना शांतपणे सांगावे, की अंजलीबाईंनी ज्यात सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली तो दहा मीटरचा प्रकार बंद सभागृहात होतो. तिथे दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो हे खरे, पण दोष द्यायला वाराच नाही म्हटल्यावर बिचाऱ्यांना नेम लावण्याखेरीज गत्यंतर उरत नाही.

वारा फक्त आपल्या पाळीला वाहतो, हे पथ्य कसोशीने पाळावे. जोडीदार चुकला तर आकाशाकडे न पाहता त्याच्या कार्डावर शून्य मांडावे. आणि आपला छर्रा चुकून भोकात गेलाच, तर वाऱ्याचा उल्लेख टाळून थर्माकोलच्या मण्यांची आपली उशी किंचित सरकवावी, जणू सारे श्रेय त्या बैठकीचे आहे. उभ्याने मारायच्या लक्ष्यांवर उशी कामाची नसते. तिथे गुडघ्याचे जुने दुखणे आठवावे.

एवढे करूनही एक साक्षीदार उरतो, तो म्हणजे रंग. स्पर्धेच्या सकाळी जनावरांना ताजा रंग दिलेला असतो आणि छर्रा जिथे लागला तिथला रंग उडून करडा डाग उमटतो. म्हणून पहिल्या गटात कधीही जाऊ नये. दुपारपर्यंत भोकाभोवती इतके डाग साचतात, की आपला कोणता हे दुर्बिणीतूनही कळत नाही, आणि मग छर्रा भोकातच गेला होता, लक्ष्याचा खटकाच अडकला आहे, असे ठामपणे म्हणता येते. नियमानुसार पुढचा छर्रा मारण्याआधी लक्ष्य तपासण्याची मागणी करण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि तो बजावावा. शिट्टी होईल, सगळ्या बंदुका खाली ठेवल्या जातील, पंच चिखल तुडवत ५० यार्ड चालत जातील आणि काडीने पट्टीला हलकेच टोचतील.

उंदीर आडवा होईल. त्या क्षणी बुटाची नाडी सुटलेली असावी.