तो लोखंडी स्टँड प्रेतासाठी नव्हता

"व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्रज लोक मेलेल्या माणसाला लोखंडी स्टँडला बांधून उभं करत, त्याच्या पापण्यांवर डोळे रंगवत आणि घरच्यांच्या मधोमध ठेवून फोटो काढत. फोटोत जो सगळ्यांत स्पष्ट दिसतो, तो मेलेला." असा मजकूर, खाली "विकृत लोक" हा शेरा आणि सोबत दहा-बारा जुने फोटो दर काही महिन्यांनी फिरत येतात. मृतांचे फोटो तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत काढले जात आणि घरात जपले जात, एवढं खरं आहे. बाकीचं बहुतेक चूक आहे. त्या दहा-बारांतली बरीच माणसं तर फोटो झाल्यावर आपल्या पायांनी घरी गेलेली आहेत.

आधी तो स्टँड, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. काही फोटोंत माणसाच्या बुटांमागून लोखंडाचे दोन-तीन पाय डोकावतात. ती असते जड, ओतीव लोखंडाची बैठक. तिच्यात खाली-वर सरकणारी दांडी आणि दांडीच्या टोकाला चिमट्यासारखी दोन बोटं. ही बोटं मागून डोक्याला टेकवून स्क्रू आवळायचा, म्हणजे समोर बसलेल्याचं किंवा उभ्या असलेल्याचं डोकं डुलत नाही. एवढंच तिचं काम. साठ किलोचं निष्प्राण शरीर तिला टेकवून बघा: गुडघे मोडतील, कंबर खचेल आणि चिमट्यात नुसतं डोकं अडकेल. "शरीर ताठल्यावर उभं करत असतील" असंही कुणी म्हणतं. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठू लागतं, साधारण बारा तासांत पुरतं ताठतं आणि दीड-दोन दिवसांत पुन्हा सैल पडतं. पण ताठलेलं शरीर तोल सांभाळत नाही, आणि ती बारीक दांडी त्याचा भार पेलणारी नाही. मुळात प्रेत हलेल अशी भीती कुणाला असणार? स्टँड दिसतो तिथे माणूस जिवंत होता, हाच त्याचा अर्थ.

"जिवंत माणसं हलायची, म्हणून पुसट यायची, मेलेला तेवढा स्पष्ट." १८३९ मध्ये डाग्युरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर (प्लेटवर) फोटो उमटवण्याची पद्धत, जगापुढे आली तेव्हा एका फोटोला कित्येक मिनिटं लागत, हे बरोबर. पण १८४० मध्ये जोझेफ पेट्झव्हाल यांनी जास्त प्रकाश घेणारं भिंग तयार केलं, प्रकाश लवकर टिपला जावा म्हणून प्लेटवर ब्रोमिन या रसायनाची प्रक्रिया होऊ लागली आणि वेळ मिनिटाच्या आत आला. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी काचेवर कोलोडियन हा चिकट द्रव पसरून फोटो घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मग चांगल्या उजेडाच्या स्टुडिओत काही सेकंद पुरू लागले. काही सेकंद कुणीही स्थिर राहतो. आईवडील हलल्याने पुसट आणि मधली मृत मुलगी लख्ख, असा एखादा फोटो असेलही. एका फोटोवरून नियम होत नाही.

पांढुरके डोळे आणि काळे हात हेही मेल्याचे पुरावे म्हणून दाखवतात. त्यांचं उत्तर रसायनात आहे. कोलोडियनला निळा प्रकाश लगेच कळतो; लाल-पिवळा जवळजवळ कळतच नाही. म्हणून निळे डोळे पांढुरके, भुतासारखे येतात, आणि उन्हात रापलेले हात काळेठिक्कर. "हात काळे, म्हणजे रक्त साकळलंय" असं म्हणणाऱ्यांनी तो माणूस शेतावर राबणारा असेल, हा विचारही केलेला नसतो. पापणी लवली की बुबुळ धूसर होई, मग स्टुडिओतला कारागीर ते कुंचल्याने ठळक करी. मृत बाळाच्या गालाला गुलाबी छटा देत, क्वचित मिटल्या पापण्यांवर डोळेही रंगवत, हे मात्र खरं आहे. तो अपवाद होता, रिवाज नव्हे.

सगळ्यांत वाईट वाटतं ते बाळांच्या फोटोंबद्दल. बुरख्यासारखं कापड अंगावर घेतलेली आकृती आणि तिच्या मांडीवर बाळ. त्याखाली लिहितात, "मेलेलं मूल." कापडाखाली त्याची आई आहे! वळवळणारं बाळ तेवढे सेकंद स्थिर राहावं म्हणून ती त्याला धरून बसली आहे, आणि फोटो फक्त बाळाचा हवा म्हणून झाकली गेली आहे. तसंच हेन्री पीच रॉबिन्सन यांच्या १८५८ च्या छायाचित्राचं. क्षयाने मरणारी मुलगी, भोवती घरची माणसं. पाच निगेटिव्ह जोडून, जिवंत माणसांकडून अभिनय करवून घेऊन ते केलं होतं. तेही खऱ्या मृत्यूचं म्हणून फिरतं.

मग खरे फोटो कसे असत? बहुतेक आडवे: पलंगावर, कोचावर, शवपेटीत, नाहीतर लहान मूल आईच्या मांडीवर. डोळे मिटलेले, जवळ फुलं. बॉस्टनच्या साउथवर्थ आणि हॉज या स्टुडिओने १८४६ च्या जाहिरातीत म्हटलं होतं की आमच्या फोटोंत मृत व्यक्ती शांत झोपल्यासारखी दिसते. घरच्यांना तेच हवं असे. १४ डिसेंबर १८६१ ला व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट गेले. फोटोग्राफर विल्यम बॅमब्रिज यांनी काढलेला त्यांचा मृत्युशय्येवरचा फोटो व्हिक्टोरियाने आपल्या पलंगाशी लावला. त्यातही ते पडलेलेच आहेत.

"फोटो महाग, म्हणून मेल्यावरच काढत" हे अर्धं खरं. १८५४ मध्ये पॅरिसचे फोटोग्राफर दिस्देरी यांनी एका प्लेटवर अनेक छोटे फोटो घेण्याचं पेटंट मिळवलं आणि पुढे फोटो बरेच स्वस्त झाले. पण इंग्लंडमध्ये तेव्हा हजारातली सुमारे दीडशे बाळं वर्षाच्या आत जात. स्टुडिओत जायला सवडच मिळाली नाही, अशी ती बाळं होती; त्यांचा फोटो निघे तो मेल्यावरच.

राहिला "विकृत लोक" हा शेरा. आपल्या भिंतीवरचा हार घातलेला फोटो कुणाला विकृत वाटतो? तिरडी उचलण्याआधी फोटोग्राफरला निरोप धाडल्याच्या आठवणी आपल्याही घरांतून निघतील. बॉस्टनमधल्या आईला तळहाताएवढ्या, आतून मखमल लावलेल्या चामड्याच्या डबीत तिचं बाळ मिळे. अशा डब्या अजून सापडतात, आणि कधी कधी फोटोच्या मागे दुमडून ठेवलेली जावळाची एक बटही.